कर्कटकाचं टोक

खांब्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण उंची सहा फूट आणि काम खांबांवर चढून घरोघरी बिनतारी इंटरनेट जोडून देण्याचं, मग दुसरं नाव चिकटणार तरी कुठलं? कंपनीत मालक, खांब्या आणि एक शिडी. तिघांत सगळ्यात कमी कुरकुर शिडीची.

दर अंतरावर ठरायचा. ऑफिसच्या भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर तीन वर्तुळं. आतल्या वर्तुळात राहणाऱ्याला सगळ्यात स्वस्त, मधल्याला दीडपट, बाहेरच्याला दुप्पट. ही वर्तुळं खांब्यानेच काढली होती, लेकीच्या कंपासपेटीतलं कर्कटक आणून. त्याचा त्याला कोण अभिमान! आल्यागेल्याला तो नकाशा असा दाखवायचा, जणू जमीनही त्यानेच पसरली होती.

एका सकाळी फोन आला. "कनेक्शन काढून घेऊन जा."

आवाज ऐकताच खांब्या खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याला सातवीत गणित शिकवणाऱ्या बाई! आता निवृत्त होऊन डोंगरामागे राहायच्या. चाळिशी उलटली तरी त्यांच्यापुढे बसून बोलायची त्याची हिंमत नव्हती.

बाई रोज संध्याकाळी गणितात कच्च्या असलेल्या अकरा मुलांना इंटरनेटवरून शिकवायच्या, तेही फुकट. त्या अकरांत खांब्याची लेक होती. गणितात पोरगी बापावर गेली होती, आणि बाईंच्या तीन महिन्यांच्या शिकवणीनंतर पहिल्यांदाच पास झाली होती.

"पेन्शनमध्ये दुप्पट दर बसत नाही," खांब्या पोचताच बाई दारातच म्हणाल्या. "मुलांना सांगून टाकलंय. एक तारखेपासून शिकवणी बंद."

खांब्याच्या डोळ्यांसमोर लेकीचा चेहरा आला. तरी तो गच्चीवर चढला आणि डिशचा एक स्क्रू सैल केला. बाई मागोमाग वर आल्या. डिशचं तोंड जिकडे होतं तिकडे त्यांनी पाहिलं. समोर डोंगराच्या माथ्यावर टॉवर उभा, लाल-पांढरा, अगदी हाकेच्या अंतरावर.

"तो टॉवर तुमचाच ना रे?"

"हो बाई."

"इथून किती लांब?"

"असेल पाऊण किलोमीटर."

"आणि मी सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात?"

खांब्याने मोबाइलवर नकाशाचा फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावला. सातवीत वही तपासायच्या, तसा त्यांनी नकाशा तपासला.

"वर्तुळं कुणी काढली?"

"मी."

"कर्कटकाचं टोक कुठे ठेवलंस?"

"ऑफिसवर."

"टॉवर डोंगरावर आणि टोक ऑफिसवर? का?"

खोटं सुचेना. "तिथे आधीच भोक होतं, बाई. कॅलेंडरच्या खिळ्याचं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "सातवीतही तू मध्यबिंदू सोयीचाच घ्यायचास."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! टॉवरच्या पायथ्याशी राहणारे चार वर्षं दुप्पट भरत होते, आणि टॉवरपासून अडीच किलोमीटर लांब बाजारात, ऑफिसच्या आसपास राहणारे स्वस्तात मजा मारत होते. ज्यांना स्वस्त पडतं ते बोलत नाहीत, ज्यांना महाग पडतं त्यांचं कुणी ऐकत नाही.  मालकाचं घर ऑफिसच्या वरच्याच मजल्यावर, आणि मालकाचा राग त्याहून वरच्या मजल्यावर. हे सांगितलं तर नोकरी गेलीच म्हणायची.

"बाई, असं करू," तो हळूच म्हणाला. "तुमचं नाव गुपचूप पहिल्या वर्तुळात टाकतो. कुणाला कळणार नाही."

"आणि शेजाऱ्यांचं? वर्गात कधी कॉपी करू दिली नाही, आता मी स्वतः करू?" बाई जिन्याकडे वळल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत टोक जागेवर ठेव. नाहीतर ही डिश उतरव."

खांब्याने सैल केलेला स्क्रू पुन्हा आवळला.

मालकाने सगळं ऐकलं. कान लाल झाले, चहा गार झाला. मग तो उठला, त्याने स्वतः कर्कटक डोंगरावर रोवलं आणि नवी वर्तुळं काढली. त्याचं स्वतःचं घर बाहेरच्या वर्तुळात जाऊन पडलं.

"डोंगरामागे दोनशे घरं," तो नकाशाकडे बघत पुटपुटला. "आपली गिऱ्हाइकं नऊ. चार वर्षं मी म्हणतोय, ही माणसं चिक्कू आहेत!"

"मला काढणार का, साहेब?"

"काढून सोडू? एवढं स्वस्तात? जादा घेतलेले पैसे त्यांच्या पुढच्या बिलात वळते कर. आणि ज्यांचा दर वाढेल त्यांच्या दारात तूच जायचंस. सुरुवात वरच्या मजल्यापासून. माझ्या बायकोला तूच सांग."

ते कसं पार पडलं ते खांब्या आजही कुणाला सांगत नाही.

यादीतलं शेवटचं घर त्याचं स्वतःचं होतं. तेही बाजारातच, तेही आता दुप्पट. बायकोने बिल दोनदा वाचलं. "बाईंनी नापास केलं होतं, तेव्हाही एवढं महाग पडलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकवणी नेहमीसारखी सुरू झाली. लेक ओरडली, "बाबा, बाई तुम्हाला बोलावतायत!"

पडद्यावर अकरा पोरांच्या देखत बाईंनी विचारलं, "मध्यबिंदू कुठे?"

"डोंगरावर, बाई."

"बरोबर. दहापैकी दहा दिले असते. चार वर्षं उशीर झाला, म्हणून एक कापला. नऊ."

बाईंच्या हातून खांब्याला आजवर चाराच्या वर कधी मिळाले नव्हते. डोळे भरून आले, आणि लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"दुप्पट भरून नऊच?" बायको दारातून म्हणाली, आणि नाक ओढत हसायला लागली.