सोपानचा साकव

टपालखात्याचे ओव्हरसियर गोपाळकृष्ण दातार यांनी आयुष्यात एकच खोटं लिहिलं, तेही सरकारी कागदावर. कार्ल्याखालच्या नदीवर साकव, म्हणजे फळ्यांचा छोटा पूल हवा, असा अर्ज आला होता. हलकारा सोपान मळवली स्टेशनावरून थैली उचलायचा आणि उतारातून, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेतून, पल्याडच्या सात गावांना पोचवायचा. दातार बघायला आले ते भर चैत्रात. अहो, शहाण्यानं मावळातली नदी कधी चैत्रात बघावी? पाणी जेमतेम घोट्याएवढं.

"साहेब, आषाढात या येकदा," सोपान म्हणाला.

"येऊ रे, येऊ," म्हणत दातार हसले. अहवालात लिहिलं, 'पावसाळ्यात समक्ष पाहिले. साकवाची गरज नाही.' त्याच श्रावणात सोपान वाहून गेला. थैली दोन मैलांवर बाभळीला अडकलेली सापडली. तो काही सापडला नाही.

पुढच्या तीन वर्षांत चार हलकारे पळाले. हलकाऱ्याच्या काठीला घुंगरं असतात, जनावरानं वाट सोडावी म्हणून. ती घुंगरं रोज तिसऱ्या प्रहरी स्टेशनाकडून वाजत येत, सोपानच्या दारावरून उतारापर्यंत जात आणि पाण्याशी थांबत. माणूस कुणी नाही! शेवटी वरून हुकूम सुटला, समक्ष चौकशी करा, नाहीतर लाइन बंद करा. आता मात्र दातारांना आषाढातच यावं लागलं.

नदीच्या अल्याड, वाटेवरच सोपानची झोपडी होती. दारात त्याची बायको सरुबाई पाण्याचा तांब्या भरून बसली होती.

"बाई, हे घुंगरांचं काय खूळ आहे?"

"खूळ कशाचं? आमचं धनी हायेत त्ये. थैली पोचवायची ऱ्हायलीया न्हवं? पान्यापातुर जात्यात, उभं ऱ्हात्यात."

"भीती नाही वाटत?"

"आपल्याच मानसाचं भ्या? रोज येत्यात, म्हून तर दिस सरतो माजा."

तेवढ्यात छम् छम् आवाज आला. भर दिवसा, रिमझिम पावसात तो आवाज दातारांच्या पुढ्यातून गेला. ते भारल्यासारखे मागोमाग चालत राहिले. उतारावर गढूळ पाणी दोन पुरुष चढलेलं होतं. घुंगरं थांबली ती त्यांच्या कोपराशी. धावून आलेल्या माणसाला लागते तशी धाप त्यांना ऐकू येत होती. दातार तिथंच चिखलात बसले.

"आलो रे सोपान," ते रडत म्हणाले. "आलो आषाढात."

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'मागील अहवाल खोटा आहे. पावसाळ्यात मी नदी पाहिलीच नव्हती.' व्हायचं तेच झालं, नोकरी गेली. पण वर्षभरात साकव उभा राहिला.

पहिल्या दिवशी दातार मुद्दाम आले. तिसऱ्या प्रहरी घुंगरं आली आणि थांबली नाहीत. फळ्यांवर धाडधाड पावलं वाजली आणि आवाज पल्याडच्या माळावर विरून गेला. दातारांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

आठ दिवसांनी ते सरुबाईला भेटायला गेले. ती दारातच होती. तांब्या भरलेला, पाण्यावर धूळ साचलेली.

"सुटला बिचारा," दातार म्हणाले.

"व्हय, सुटलं." तिनं तांब्या अंगणात उपडा केला. "पोचले त्ये, आता हिकडं कशाला येतील? साकव बांदायच्या आदी मला येकदा इचारायचं व्हतंत, साहेब. मी नगं म्हनले असते."