लोकरीच्या बदल्यात गळ

माझा थोरला भाऊ रस्त्याच्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करतो आणि मी अलीकडे किल्ल्या करतो. आमच्यात बोलणं नाही. रस्ता तसा रुंद नाही. त्याच्या दुकानातली घड्याळं एकदम वाजायला लागली की माझ्या गिऱ्हाइकाला माझंच बोलणं ऐकू येत नाही. तरीही नाही म्हणजे नाही.

कारण विचाराल तर सांगतो, आणि चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा, फक्त ठरवताना त्याचीच ठरवा. पूर्वी आम्ही दोघं वडिलांच्या एकाच दुकानात बसायचो. एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आल्या होत्या. मी कानस चालवत होतो, काम संपतच आलं होतं, तेवढ्यात दादाने बाईंच्या देखत किल्ली माझ्या हातातून काढून घेतली, दोनदा कानस मारली आणि त्यांना दिली. किल्ली लागली. ती लागली नसती तर मी एक वेळ माफ केलं असतं. पुढे समोरच्या शिंप्याचा गाळा रिकामा झाला, तो मी घेतला.

आता खेळाकडे येतो. मी फोनवर एक खेळ खेळतो, त्यात बंदरं आहेत, समुद्र आहे, मागे डोंगर आहेत, आणि ज्याने त्याने आपापला धंदा निवडायचा. मी मासे पकडायचे गळ करतो. माझं तिथलं नाव 'तिरपा बाण'. दिवसभर धातू घासून झाल्यावर विरंगुळा म्हणून पुन्हा धातूच का, असं बायको अधूनमधून विचारते. मी तिला उत्तर देत नाही, कारण तिच्याकडे नंतर विचारायचे आणखी प्रश्न तयार असतात.

आमच्या बंदरावर आमची एक टोळी आहे. म्होरक्या म्हणजे एका इस्पितळातली परिचारिका, तिला सगळे 'सिस्टर' म्हणतात. एक 'वकील' आहे, तो खरा पाववाला. पहाटे भट्टी आटोपली की दिवसभर वाद घालायला मोकळा, म्हणून वकील. आणि एक मेंढपाळ आहे, 'निवांत रेडा'. हा रेडा रोज दुपारी डोंगर उतरून माझ्या टपरीपुढे येतो, लोकरीचे गठ्ठे दाखवतो आणि बदल्यात गळ मागतो. मग आमची जी घासाघीस चालते ती बघायला टोळीतले लोक मुद्दाम येऊन बसतात. रेडा म्हणणार, शेठ, तुमचे गळ वाकडे आहेत. मी म्हणणार, राव, गळ वाकडेच असतात, सरळ हवे असतील तर सुया घ्या. तो निघून जाणार, पुलापर्यंत पोहोचणार आणि परत येणार. मी टपरी आवरायला घेणार आणि पुन्हा मांडणार. शेवटी सौदा होतोच.

एकदा असाच तो पुलावरून परत आला आणि मी ठाम नकार दिला. त्याच क्षणी समोरच्या काचेआड दादाने टेबलावर अशी थाप मारली की एक घड्याळ आडवं झालं. मी चमकलो. रेड्याला लिहिलं, जरा थांबा, गिऱ्हाईक आलंय. समोर दादाने फोन खाली ठेवला, भिंग डोळ्याला लावलं आणि चिमटा उचलला. मी लिहिलं, आलो. दादाने चिमटा टाकला.

मी कोणाला काही बोललो नाही. त्याला माहीत नाही आणि मला माहीत आहे, यात एक वेगळीच मजा होती. दुसऱ्या दिवशी मी आणखी ताणून धरलं. मला लोकरीचा काय उपयोग, असं कृपा करून विचारू नका. माझं खेळातलं कोठार लोकरीने इतकं भरलं होतं की लोखंड बाहेर ठेवावं लागायचं.

अशात कंपनीचं पत्रक आलं. 'आपल्या सोयीसाठी' अशी सुरुवात होती, तेव्हाच मी समजलो की आता गैरसोय होणार. खेळाडूंनी आपसात देवघेव करणं बंद. सगळ्यांनी आपला माल बंदरावरच्या नव्या वखारीत कंपनीच्या यांत्रिक कारकुनाकडे ठेवायचा, भाव यंत्र ठरवणार, आणि घेणारा कोण, देणारा कोण, हे कोणालाच कळणार नाही. फसवणूक थांबवण्यासाठी म्हणे. चार दिवस प्रयोग, मग कायमचं.

त्या दुपारी मी टपरीवर बसलो होतो. रेडा आला, समोर उभा राहिला. देवघेवीचं बटणच नव्हतं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. समोर दादा घड्याळ न उघडता नुसता बसून होता.  आता हा माणूस माझ्याशी कशाच्या निमित्ताने भांडणार, आणि मी कोणाला नकार देणार? तोपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की ही सगळी गंमत आहे. ती गंमत नव्हती. दिवसभरातलं तेवढंच एक बोलणं मला हवं असायचं.

सिस्टरने टोळीची बैठक बोलावली. आमची बैठक म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं आणि दुसऱ्याचं कोणी वाचायचं नाही. वकिलाने लांबलचक भाषण ठोकलं आणि ठराव मांडला, की पूर्ण बहिष्कार. देवघेव परत येईपर्यंत कोणीही खेळात पाऊल ठेवायचं नाही. भराभर अनुमोदन आलं.  देवघेव नाही म्हणून वाईट वाटत होतंच, पण बहिष्कार म्हणजे रेडा टपरीसमोर येऊन नुसता उभा राहायचा, तेही गेलं. मी विरोध केला. कारणं काय दिली ते आठवून आजही लाज वाटते. एक कारण तर असं होतं की आपण गेलो तर मेंढ्यांना चारा कोण घालणार.

आणि आश्चर्य म्हणजे रेड्यानेही विरोध केला. म्हणाला, आपण आलो नाही हे कंपनीला कळायलाच महिना लागेल. दुकानदाराला न येणारं गिऱ्हाईक दिसत नाही.

वकील दोघांवरही उखडला. त्याने रेड्याला सरळ विचारलं, "तुझ्या डोंगरावर ओढासुद्धा नाही, होडी नाही, तू जन्मात मासा धरलेला नाहीस. एवढे गळ घेऊन करतोस काय?"

 मीही वाट बघत बसलो. समोर दादा फोनकडे बघत होता, लिहीत होता, खोडत होता. मग उत्तर आलं.

"बाणाचा माल चांगला असतो. त्याचा हात चांगला आहे."

खेळात गळ करायला हात लागत नाही. एक बटण दाबायचं, गळ तयार. सगळ्यांचे गळ सारखेच असतात, वकिलाचेही तसेच झाले असते. वकील तेच सांगत सुटला, बाकीचे हसले, कोणीतरी रेड्याचं डोकं फिरलंय असं लिहिलं.  मी मान वर करून पाहिलं. दादा भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकं खुपसून बसला होता, जसा काही तो या गावचाच नाही. म्हणजे त्यालाही माहीत होतं. कधीपासून, देव जाणे.

तेवढ्यात सिस्टरने दोघांना फटकारलं. बहिष्कार नको तर काय हवं ते सांगा, नाहीतर गप्प बसा, मला वॉर्डात जायचंय.

रेड्याने विचारलं, वखारीतला कारकून एका वेळी कितीजणांशी बोलतो? एकाशी, वकील म्हणाला. कंपनीने खरं वाटावं म्हणून मुद्दाम तसा केलाय. मिशा पण दिल्यात. रेड्याने पुढे विचारलं, तो काय विचारतो? मी नुकताच जाऊन आलो होतो, म्हणून मीच सांगितलं. तो विचारतो, माल ठेवायचा का? उत्तरं तीन आहेत. हो, नाही, आणि विचार करून सांगतो. तिसरं दाबलं तर बिचारा अदबीने उभा राहतो. हे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि समोर दादाच्या डोक्यातही पडलेला मला दिसला, कारण त्याने भिंग काढलं.

ज्याने दुकान चालवलंय त्याला हे सांगावं लागत नाही. दुकान संपामुळे बंद पडत नाही. दुकान बंद पाडतो तो काउंटरला टेकून उभा राहणारा, काही न घेणारा, हलायचं नाव न काढणारा, विचार करून सांगणारा माणूस. असली माणसं आम्हा दोघांच्या नशिबात रोज आहेत. आम्ही दोघांनी जवळजवळ एकाच वेळी तेच लिहिलं. सिस्टरने मंजुरी दिली आणि वॉर्डात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखार उघडली. पहिला वकील आत गेला, कारकुनाने विचारलं, वकिलाने विचार करून सांगतो म्हटलं आणि तो फोन तसाच ठेवून भट्टी झाडायला निघून गेला. मागे रांग वाढत पार पुलावर गेली. दुसऱ्या टोळ्यांना बातमी लागली, त्यांनी आपापल्या बंदरांत तेच केलं. कंपनीने दुसरा कारकून आणला. त्यालाही आम्ही विचार करून सांगतो म्हटलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. सगळीकडे नुसता विचार चालला होता.

दुपारी कंपनीने दोन गोष्टी केल्या. एक, विचार करायला मिनिटभराची मुदत, त्यानंतर कारकून माणसाला बाहेर काढणार. दोन, वखारीच्या आवारात लिहिणं बंद. मुदतीची बातमी येताच, लिहिणं बंद व्हायच्या आत, सिस्टरने जोड्या पाडून दिल्या होत्या. एकाला बाहेर काढलं की दुसऱ्याने त्याच क्षणी काउंटर धरायचा, मधे फट पडली की कंपनीच्या बाजूचा कोणीतरी घुसणार आणि वखार सुरू होणार. माझी जोडी रेड्याशी लावली होती. बाईने मुद्दाम लावली की काय, मी अजून विचारलेलं नाही.

पण लिहिता येत नसेल तर एकमेकांना सांगायचं कसं? पहिला फेरा नशिबाने जमला. दुसऱ्या फेऱ्याला मी मान वर केली. इतकी वर्षं मी दादाकडे चोरून बघत होतो, सरळ कधी बघितलं नव्हतं. तोही माझ्याकडेच बघत होता. त्याने हात वर केला, मी आत शिरलो. माझी मुदत संपत आली तसा मी हात वर केला, तो आत शिरला. असे बरेच फेरे झाले. किल्ली करायला आलेला एक गृहस्थ मला म्हणाला, तुम्ही कोणाला टाटा करताय. मी त्याला उद्या यायला सांगितलं.

मग आमच्या मधोमध एक मोठा ट्रक येऊन उभा राहिला. पलीकडच्या औषधाच्या दुकानाचे खोके उतरायला लागले. मला दादा दिसेना. मी दुकानातून बाहेर पडलो, ट्रकच्या मागच्या बाजूने वळसा घातला, आणि तिथे तो फोन धरून, धापा टाकत, नेमका समोर.

"तुझा नंबर आहे," तो म्हणाला. "बघतोस काय, आत जा."

मी आत गेलो. आम्ही फूटपाथवर शेजारी शेजारी उभे राहिलो. त्याने मला तू म्हटलं होतं. खेळात आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणायचो, शेठ म्हणायचो, राव म्हणायचो. मला कसंतरीच झालं, पण मुदत मिनिटाचीच होती त्यामुळे तेवढ्यात आवरावं लागलं.

"निघालो," मी म्हणालो.

"शिरलो," तो म्हणाला.

ट्रक गेला. आम्ही कोणीच आपापल्या दुकानात परतलो नाही. वहिनीने दादाच्या दुकानातून दोन स्टुलं आणून ठेवली आणि जाताना तिने माझ्या बायकोला फोन लावलेला मी ऐकला. संध्याकाळपर्यंत आमच्यात निघालो आणि शिरलो याखेरीज एक शब्द झाला नाही. दोन्ही दुकानं उघडी टाकलेली, गिऱ्हाइकं येऊन बघून जात होती.

दिवे लागायच्या सुमाराला कंपनीचं नवं पत्रक आलं. तेही आपल्या सोयीसाठीच होतं. देवघेव पूर्ववत, वखार ज्याला हवी त्याला. टोळीत नुसता जल्लोष. सिस्टरने वॉर्डातून सगळ्यांना शाबासकी दिली, वकिलाने लढ्याचं श्रेय बहिष्काराच्या मूळ कल्पनेला दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हौसेने टपरी मांडली. ताजे गळ, मनात चढा भाव. रेडा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. माझी चिडचिड झाली. एवढं ज्याच्यासाठी भांडलो ते बटण समोर आहे आणि दाबणारा नाही.

आला नाही, कारण त्या वेळेला तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. स्टूल ओढतो, बसतो आणि बोलतो. घड्याळांबद्दल, गुडघ्याबद्दल, वहिनीच्या भावाबद्दल, माझ्या दुकानातल्या पंख्याच्या आवाजाबद्दल. इतकं बोलतो की मला खेळायला वेळच मिळत नाही. माझं एकुलतं एक गिऱ्हाईक त्या लढ्यात गेलं. गळ तसेच पडून आहेत.

काल वकिलाने टोळीत जाहीर विचारलं, की देवघेवीसाठी सगळ्यांत जास्त जिवाचं रान केलं ते बाणाने आणि रेड्याने, आणि आता हे दोघं साधी अदलाबदलही करत नाहीत, याचा खुलासा व्हावा. मी खुलासा लिहायला घेतला. बराच लिहिला, खोडला, परत लिहिला. दादा तेव्हा त्याच्या एका बिलंदर गिऱ्हाइकाचा किस्सा सांगत होता, तो मधेच थांबला.

"कोणाशी बोलतोयस? मी इथे बसलोय ना."

मी फोन उलटा ठेवला आणि त्याला विचारलं, मग पुढे काय झालं.