'आय सॉ'च्या पुढची मोकळी जागा

मी दिग्गीजवळच्या एका वाडीतल्या शाळेचा फळा. आता शाळेचा नाही म्हणा, रुक्माच्या पडवीचा. लाकडी फळ्या जोडून, काळा रंग देऊन मला भिंतीवर चढवलं, तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा होता. आज रंगाचे पोपडे निघालेत, आठवणी मात्र शाबूत आहेत.

रामनगरचे महाबळेश्वर मास्तर माझे फार लाडके. इंग्रजीतला भूतकाळ शिकवायची त्यांची तऱ्हाच निराळी. पुस्तक बाजूला ठेवून विचारायचे, "काल काय केलासा, सांगा." मग एकेक पोर उठून माझ्यावर लिहायचं. 'वॉक'ला 'ईडी' जोडली की 'वॉक्ड' झालं. पण 'गो'चं 'वेंट', 'ईट'चं 'एट', ही मंडळी हट्टी. ती पाठच करायची. झिलू आपला 'ईटेड'च लिहायचा.

"आरं, खाल्लंस न्हवं? मग 'एट' म्हण की!" मास्तर हसायचे. नाही म्हणायचं तर 'डिड नॉट ईट', पण झिलूवर ते लिहायची वेळ कधी आलीच नाही.

एकदा छोट्या रुक्मानं 'आय सॉ' लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

"काय बघितलंस?"

तिनं खिडकीतून रानाकडं बोट दाखवलं. बाकीच्या पोरांनी बोटं वाकवून पंजा दाखवला, अंगावर पट्टे ओढून दाखवले. मास्तरांनी ओळखलं आणि ठसठशीत अक्षरांत 'टायगर' लिहून टाकलं. रुक्मा झटकन पुढं आली आणि तिनं तळहातानं तो शब्द पुसून टाकला.

मास्तरांचा पारा चढला. तेवढ्यात शाळेत भात शिजवणाऱ्या बायजाक्का दारातून म्हणाल्या, "मास्तर, आमी रानात ऱ्हातो. त्येचं नाव घेतलं की त्यो येतोय. घेऊ न्हाई."

मास्तर थबकले. त्या दिवसापासून ते स्वतःच 'आय सॉ'च्या पुढं जागा मोकळी सोडू लागले. पोरांना बरोबर कळायचं.

पुढं मुलं कमी झाली, शाळा बंद पडली, मास्तर गावी परतले. मी चुलीत जायचा, पण मोठी झालेल्या रुक्मानं मला डोक्यावरून घरी आणलं. तिला कुळगीच्या जंगल-शिबिरात, फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना रान दाखवायचं काम हवं होतं. नाही मिळालं तर घरदार सोडून गोव्याची वाट. रोज माझ्यासमोर उभी राहून ती काल काय केलं ते इंग्रजीत सांगायची.

मुलाखतीहून आली ती पायरीवरच बसली. "आव्वा, काम मिळालं."

आई हरखली. "मग त्वांड का असं?"

"सायबानं इचारलं, रानात काय बघितलंस? 'आय सॉ' म्हटलं आन् थांबले. त्येला वाटलं, हिला इंग्रजी येत न्हाई. मग... घेतलं नाव."

आईनं आत जाऊन देवापुढं दिवा लावला.

आता कुळगीत पाहुणे विचारतात आणि रुक्माला ते नाव सारखं घ्यावं लागतं. घरी आली की मात्र ती खडू उचलते, माझ्यावर 'आय सॉ' लिहिते आणि पुढं जागा सोडते. तेव्हा मला मास्तरांची फार आठवण येते.

बाबांनो, खालून वाळवी चढते आहे, माझे दिवस आता थोडे उरलेत. कधी या पडवीत आलात तर माझ्यावर हवं ते लिहा, हवं ते पुसा. तेवढी एक जागा भरू नका.