भिकुबाईच्या मुंग्या

भिकुबाईने तांब्या तिरका धरून सुंदरच्या ओंजळीत धार सोडली. ओंजळ भरली, रिकामी झाली आणि लगेच पुन्हा पुढे आली. धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या ओसरीवर बसलेली माणसं आपापली दुखणी विसरून या पोरीचं पाणी पिणं बघत होती. तांब्याचा तळ लागला तेव्हा कुठे सुंदरने मनगटाने तोंड पुसलं.

"आखो दे, फुई."

"आखो? आते काय तांब्या चावशी?"

बोलणं रागाचं होतं, पण भिकुबाई बोलता बोलताच उठून रांजणाकडे निघाली होती.

सुंदर पंधरा वर्षांची. ती पाळण्यात असतानाच आई गेली, तेव्हापासून तिचं सगळं या आत्यानेच, तिच्या फुईने केलं. भिकुबाईला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं आणि ती सोनगीरला भावाच्या घरी परत आली. भाऊ अभिमन शेतात राबायचा आणि घर, गोठा, पोर हे सारं बहिणीच्या हाती सोपवून निर्धास्त असायचा. तीच पोर गेल्या दोन-तीन महिन्यांत अशी वाळली होती, की पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. खायला मात्र वाघीण. चार-चार भाकरी कुठे जात होत्या कोण जाणे. वैद्याने उष्णता सांगून सब्जा प्यायला लावला. शेजारच्या सुनंदाबाईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. परवा विहिरीवरून येताना सुंदर भरल्या घागरीसकट वाटेतच खाली बसली आणि तिला उठता येईना, तेव्हा अभिमन घाबरला आणि त्याने दोघींना धुळ्याच्या मोटारीत बसवून दिलं. लढाईमुळे सर्व्हिसची मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. चढ आला की उतारूंनाच उतरावं लागे. भिकुबाई उतरली, पण सुंदरला तिने उतरू दिलं नाही आणि ड्रायव्हरशी भांडणही केलं.

रुपचंद डॉक्टर बोलायला शांत होते. त्यांनी सुंदरची जीभ पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, मग वही पुढे घेतली.

"रात्रीतून लघवीला किती वेळा उठते?"

सुंदरने पदर तोंडाशी नेला. उत्तर भिकुबाईने दिलं.

"पाच-सहा डाव. एखाद रातले जास्ती."

"जिथे बसते तिथे मुंग्या येतात का?"

सुंदरने मान आणखी खाली घातली. भिकुबाईचा चेहरा मात्र एकदम उजळला. मोटारीतून उतरल्यापासून या शहरात कुणी तिला तिच्या माहितीतलं काही विचारलंच नव्हतं.

"मुंग्या? आमनं घर मुंग्यास्नंच शे, डॉक्टर!"

आणि मग तिने सगळं सांगितलं. नवरा गेल्यापासून ती रोज सकाळी परसातल्या निंबाखाली मुंग्यांच्या वारुळाशी चिमूटभर पिठात साखर मिसळून घालत आली होती. तीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तापात असली तरी भिंत धरून जायची. तिच्या हातून झालेलं एवढंच काय ते पुण्य, असं ती मानायची, आणि मुंग्यांविषयी बोलताना सासुरवाशीण लेकींविषयी बोलावं तशी बोलायची.

"म्हणजे साखर घालता म्हणून येतात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

"आते साखर कथाईन आनू? रेशननी साखर चहाले पुरत नही. तीन महिना व्हयनात, निस्तं पीठ टाकस. तरी येतस! पहिले निंबखाले येत व्हत्यात, आते पार न्हाणीना दगडवर येतस. काळ्या काळ्या, रांगना रांग. बठ्ठी गल्ली म्हनस, भिकुबाईनं पुन्य शे. साखर नही तरी मुंग्यास्नी तिले सोडं नही..."

बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. शेवटचे शब्द तिने जवळजवळ स्वतःशीच उच्चारले. डॉक्टरांनी टाक खाली ठेवला होता.

"न्हाणीच्या दगडावर," ते हळूच म्हणाले. "तिथे कोण बसतं, बाई?"

भिकुबाईने सुंदरकडे पाहिलं. सुंदर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी एक स्वच्छ बाटली देऊन सुंदरला मागच्या बाजूला पाठवलं. ती लाजेने अर्धी होऊन बाटली पदराखाली झाकून परत आली. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात बाटलीतले थोडे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आत्या आणि भाची बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या.

"फुई," सुंदर कुजबुजली, "माले माहीत व्हतं."

"काय?"

"त्या तुन्यासाठे येत नही. मी उठनू का मन्या मांगे येतस."

"मंग सांगं काब्रं नही?"

"तू एवढी खूश व्हती."

भिकुबाईला भडभडून आलं. दोन थोबाडीत द्याव्यात म्हणून तिने हात उचललासुद्धा, पण तो सुंदरच्या डोक्यावर गेला आणि विस्कटलेला भांग सारखा करत राहिला.

"येडी माय मन्ही," ती म्हणाली. "येडी रे येडी."

नळीतलं निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता भाजलेल्या विटेच्या रंगाचं. डॉक्टरांनी ते उजेडात धरून पाहिलं. त्यांना आनंद झालेला नव्हता हे भिकुबाईला न सांगता कळलं.

"मधुमेह आहे. खाल्लेलं हिच्या अंगी लागत नाही. साखर होऊन लघवीवाटे निघून जातं. म्हणून तर मुंग्या."

"बरं व्हई ना?"

"दुखणं जाणार नाही. पण रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई टोचली तर पोर उभी राहील, चालेल, फिरेल. उशीर केला असता तर..." त्यांनी सुंदरकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"रोजनी सुई सोनगीरले कोन देई?"

"तुम्ही."

डॉक्टरांनी दोघींना आठ दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं. ज्या बाईने आयुष्यात काटासुद्धा दुसऱ्याकडून काढून घेतला होता, तिला सुई शिकायची होती. डॉक्टरांनी तिला वांग्यावर सराव करायला लावलं. पहिल्या दिवशी वांग्याला सुई टोचताना भिकुबाईनेच डोळे मिटले. चौथ्या दिवशी ती वांग्याला "हालू नको" म्हणून दटावत होती. सहाव्या दिवशी सुंदरने आपणहून दंड पुढे केला. सुई गेली, निघाली, आणि मग रडली ती भिकुबाई.

घरी आल्यावर औषधाची कुपी ओल्या वाळूच्या मडक्यात, माठाच्या शेजारी राहायला आली. अभिमन त्या मडक्याला हात जोडूनच शेतावर जायचा. सुई उकळताना कुणी चुलीपाशी फिरकायचं नाही, असा भिकुबाईचा हुकूम होता. निंबाखालचं पीठ चालूच राहिलं. पण त्याआधी ती रोज न्हाणीशी जाऊन उकिडवी बसायची आणि दगड निरखून पाहायची. पहिल्या दिवशी रांग होतीच. पाचव्या दिवशी ती विरळ झाली. नंतर दहा-बारा दिसल्या, मग तीन. एके सकाळी दोन मुंग्या वाट चुकल्यासारख्या फिरत होत्या, तेवढ्यानेही तिचा जीव टांगणीला लागला आणि त्या दिवशी तिने सुंदरला भाकरीही मोजून वाढली.

मग एक सकाळ अशी उगवली, की दगड नुसता ओला आणि काळा होता. भिकुबाईने वाकून कडा पाहिल्या, फटी पाहिल्या, बोट फिरवून पाहिलं. तेवढ्यात कुडापलीकडून सुनंदाबाईचं डोकं वर आलं.

"काय वं भिकुबाई, तुन्या मुंग्या दिसत नही आज?"

भिकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. मुंग्या आल्या तेव्हा गल्लीभर सांगताना तिची मान जशी ताठ झाली होती, तशीच ती आताही झाली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"आज एक बी नही उनी!"

घरात आरशापुढे वेणी घालणारी सुंदर ते ऐकून खुदकन हसली. भिकुबाई मुठीतलं पीठ घेऊन निंबाकडे गेली. तिथे वारुळाच्या तोंडाशी पाच-सहा मुंग्या होत्या. तिने त्यांच्यापुढे मूठ सोडली आणि वाकून, न्हाणीकडे बोट करत, हळू आवाजात बजावलं,

"आठेच खावा, माय. तठे येऊ नका."