फोटो वरून खाली येतो

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा लोक नंबर नाही, नाव सांगायचे. 'डॉक्टरीणबाईंना जोडा' म्हटलं की नंबर मी काढायची, वायर खुपसायची आणि पलीकडून 'हॅलो' आलं की कान बाजूला घ्यायची. निदान घ्यायला हवा होता. म्हणून पुतण्या आपल्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, कॉम्प्युटर शिकवायला बसला तेव्हा तिच्या आधी मला समजलं.

"आई, तू दुकानाचं नाव लिहितेस. ब्राउझर त्याचा नंबर विचारून घेतो, त्या नंबरच्या मशीनचं दार ठोठावतो आणि पान मागतो. ते तुकड्यातुकड्यांनी येतं. आधी अक्षरं, मग रंग, शेवटी फोटो. जोडणी इथे, घरी."

"माझ्या जागेवर यालाच घेतलं म्हण की," मी म्हटलं.

"हो काकू, पण हा चोरून ऐकत नाही."

पुतण्या घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानाचं पान त्यानेच बनवलेलं. वर नाव, खाली त्याचा फोटो: भिंग कपाळावर सरकवलेलं आणि तोंडभर हसू. एरवी कॅमेरा दिसला की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. हसरा फोटो तो एकच.

जावेच्या घरची लाईन रडतखडत चालायची. फोटो उतरेपर्यंत चहा गार. म्हणून त्याने पानालाच बजावून ठेवलं: एकदा घरी पोचलंस की तिथेच मुक्काम कर, वर्षभर पुन्हा मागवायला लावू नकोस. मग पान चटकन उघडू लागलं, कारण ते बाहेरून येतच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुतण्या झोपेतच गेला. काही महिन्यांनी त्याच्या बायकोनं, जावेच्या सुनेनं, दुकानातल्या कारागिराशी लग्न केलं. पानावर नव्या नवऱ्याचा फोटो लावला, बाकी काही हलवलं नाही. जगाला नवा मालक दिसू लागला. जावेच्या घरी मात्र जुनं पान मुक्कामाला होतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कोण सांगणार?

ती रोज पान उघडायची आणि भेटेल त्याला सांगायची, "सुनेनं लग्न केलं, करू दे. पण दुकानावर अजून माझ्या लेकाचाच फोटो ठेवलाय हो. गुणाची पोर!"

हे दुकानापर्यंत पोचलं. लोक कारागिराला विचारू लागले, "मालक, तुमचा फोटो कधी लागणार?" एका दुपारी सून आली. चपला न काढताच.

"आई, तुमचं पान शिळं आहे."

"शिळं कसं? रोज उघडते मी."

"राहू दे गं," मी म्हटलं. "तुझं काय जातंय?"

"काकू, माझा हा नवरा जिवंत आहे. त्याला लोक हसतात." पान बाहेरून नव्यानं मागवायला तिनं दोन बटणं दाबून धरली आणि तिसरं दाबलं.

पान पांढरं झालं. दुकानाचं नाव आलं. मग ओळखीचा निळा रंग. खाली रिकामी चौकट. जावेनं चष्मा पुसून घातला. फोटो वरून खाली उतरू लागला. काळे केस आले.

"आला," जाऊ म्हणाली.

कपाळ आलं.

"भिंग कुठंय याचं?"

भुवया. डोळे. जावेनं मान थोडी तिरकी केली, जणू त्या बाजूने बघितलं तर तो सापडेल. मग दात आले. कारागीरही छान हसत होता.

"लाईन मंद आहे," जाऊ म्हणाली. "अजून पुरतं आलं नाही. थांबा जरा."

आम्ही थांबलो. पडद्यावर काहीच हललं नाही.

"आलंय पुरतं, आई," सून म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा जाऊ खुर्चीत बसली होती. "जाऊबाई, काल लाईनच खराब होती," असं म्हणत तिनं पान उघडलं. पुतण्याचा मुक्कामाचा हुकूम अजून चालू होता. कारागीर चटकन आला.