तिसरी तार

हौसेला मोल नसतं म्हणतात. खिशाला मात्र तळ असतो, आणि आमच्या छापखान्यातल्या बाइंडरच्या खिशाचा तळ पगार झाला की चार दिवसांतच दिसायला लागायचा. म्हणून जुन्या बाजारातून आणलेला स्टिरिओ त्यानं फुकटात सुधारायला घेतला. स्पीकर जमिनीवरून उचलून विटांवर ठेवले. मागच्या भिंतीला जुनी रजई टांगली. आवाज कुठे घुमतो ते कळावं म्हणून खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय? सत्कार आहे का कुणाचा?" बायकोनं विचारलं.

पण गाणं मोकळं ऐकू येतंय, हे तिनंही कबूल केलं. राहिली ती एक गुणगुण. गाणं जरा थांबलं की स्पीकरमधून नुसतं घूंऽऽ, आत माशी कोंडल्यासारखं. बाइंडरच्या डोक्यात तीच माशी फिरायला लागली. शेवटी जुन्या बाजारातल्याच एका दीडशहाण्यानं त्याच्या कानात मंत्र फुंकला: प्लगमध्ये तीन तारा असतात, त्यातली हिरवी काढून टाक. बाइंडरनं काढली. गुणगुण गेली! गडी त्या दिवसापासून छाती काढून हिंडत होता.

आज छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं ही मर्दुमकी कटिंग मशीनवाल्याला ऐकवली. दोघं कागदाच्या गठ्ठ्यांवर डबे उघडून बसले होते.

"एक तार कापली, खेळ खलास. खर्च शून्य!"

कटिंगवाल्याचा घास हातातच राहिला. "हिरवी कापलीस?"

"हो."

"स्टिरिओचा वरचा डबा कसला आहे? लोखंडी?"

"लोखंडीच. जुना माल, दणकट."

"अरे बाबा, आत कुठे करंट सुटला तर त्याला जमिनीत जायला तीच एक वाट होती. आता डब्याला जो हात लावेल, त्याच्या अंगातून जाईल तो." बाइंडरचा चेहरा बघून तो घाईघाईनं हसला. "तू तर धडधाकट दिसतोयस की!"

बाइंडर धडधाकट होता, कारण तो फक्त पुढची प्लास्टिकची बटणं फिरवायचा, तेही पायात चप्पल घालून. बायको मात्र रोज दुपारी फरशी पुसायची आणि मग ओल्या फडक्यानं, अनवाणी, तो डबा पुसायची. धूळ साचली की मशीन तापतं, हे शहाणपण त्यानंच तिला शिकवलं होतं.

त्यानं फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. उचल गं, उचल. आंघोळीला गेली असेल. खाली भाजी आणायला गेली असेल. तिसऱ्यांदा लावला, तरी तेच. जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून, मालकाला न विचारता, तो सायकलवर बसला.

सिग्नल लाल होता. तो थांबला नाही. कुणीतरी गाडीतून त्याला आईवरून शिवी हासडली, तीही त्यानं ऐकली नाही. आज तिला कंटाळा येऊ दे, तो मनात म्हणत होता. राहू दे घर तसंच घाण. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोनं आळस करावा म्हणून त्यानं देवाला पहिल्यांदाच हात जोडले.

जिना चढतानाच गाणं ऐकू आलं. दाराला आतून कडी होती. त्यानं बेल दाबली, दार बडवलं, तिला हाका मारल्या. आत गाणं चालूच. गाणारीचा श्वाससुद्धा बंद दारातून स्वच्छ कळत होता. इतका सुंदर आवाज त्या डब्यातून कधी आला नव्हता, आणि बाइंडरला तो ऐकवत नव्हता. तो खांद्यानं दारावर धडका द्यायला लागला. दार हलेना.

तेव्हा कुठे त्याला जिन्यातले मीटर आठवले. त्यानं धावत जाऊन आपल्या घराचा मेन स्विच खाली ओढला.

गाणं तुटलं. आता आतून काहीच येईना. बाइंडर दाराला कान लावून उभा राहिला. पुन्हा हाक मारायला तो धजेना. हाकेला ओ आली नाही तर?

मग पावलं वाजली आणि कडी निघाली.

"लाइट गेली का हो?" बायको दारात उभी होती. डोळे सुजलेले. उजवा हात तिनं डाव्या हातात घट्ट धरला होता. "तुम्ही आत्ता कसे?"

"फोन का नाही उचललास?"

ती एकदम रडायलाच लागली. "परवापासून हाताला मुंग्या येतायत. आज तर कोपरापर्यंत आल्या. आईच्या अंगावरून वारं गेलं ना, तेव्हा तिचंही असंच सुरू झालं होतं. फोनवर शब्द वाकडा निघाला तर तुम्हाला कळेल, म्हणून उचलला नाही. गाणं मोठं करून बसून राहिले."

"मुंग्या... डबा पुसताना येतात?"

"हो, पुसता पुसताच..." ती थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

बाइंडर उंबऱ्यातच खाली बसला. "तुला काही झालेलं नाही. मीच केलंय ते," असं म्हणून त्यानं हिरव्या तारेचं सगळं सांगितलं. मान वर न करता.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तोंडानं हळूच आपलं पूर्ण नाव म्हणून पाहिलं. अक्षर न् अक्षर सरळ आलं. मग त्याच उजव्या हातानं तिनं त्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की जिना दणाणला.

"आणखी एक घाल," तो म्हणाला.

तिनं घातला.