मुलींच्या वाट्याची गादी

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो. झोपायची नव्हे, पडायची. महाविद्यालयाच्या मैदानावर उंच उडी मारणारे खेळाडू आडवी दांडी ओलांडून पाठीवर पडतात, ते माझ्या अंगावर.

कारखान्यात माझ्या पोटात स्पंजचे जाड ठोकळे भरले गेले. स्पंजमध्ये हवेची बारीक छिद्रं असतात. कुणी पडलं की ती हवा हळूहळू बाहेर जाते आणि पडणारा जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा वेग संपतो. माझं काम एवढंच. पण एकाच जागी हजारो वेळा मार बसला, की छिद्रांच्या भिंती फाटतात. मग ती जागा नुसती दिसायला मऊ राहते.

पहिली आठ वर्षं मी मुलांच्या संघाकडे होते. त्यांतले झाडून सगळे उजवीकडून धावत येत, डाव्या पायावर उडत आणि माझ्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूस पडत. पदक मिळालं की माझ्यावर बसून फोटो काढत. मी फुशारून जाई. डावी बाजू आतून मरत चालली आहे हे मला कळत होतं, पण सांगणार कशी?

मग मुलांसाठी नवी गादी आली. मला निळी कोरी खोळ चढवली आणि मुलींकडे पाठवलं. क्रीडा विभागाच्या सरांनी भाषणही केलं, "आता मुलींनाही स्वतःची गादी!" टाळ्या पडल्या. मला त्या क्षणापासून धास्ती लागली. खोळीवरून काहीच दिसत नव्हतं.

लांब पायांमुळे जिला सगळे टिटवी म्हणत, ती मुलगी पहिल्याच दिवशी उजवीकडून धावत आली. उडी सुरेख होती. पण ती नेमकी त्या जागी पडली आणि मला तिला झेलता आलं नाही. माझ्या खाली घातलेल्या फरशीचा आवाज आला. ती बराच वेळ उठली नाही.

प्रशिक्षक मॅडमनी तिथे तळहात दाबला. तो थेट फरशीला टेकला. त्या तडक सरांकडे गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या.

"काय म्हणाले?" टिटवीच्या गोळाफेक करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं.

"म्हणाले, थोडं सांभाळून घ्या."

मला फिरवून ठेवता येत नाही. माझ्या पुढच्या कडेला दांडीच्या खांबांसाठी खाचा आहेत. तेव्हा मॅडमनी वेगळाच उपाय काढला. "टिटवे, तू पाय बदल. डावीकडून ये, उजव्या पायावर उड. चांगल्या बाजूला पडशील."

गादी बदलता येईना, म्हणून मुलीचा पाय बदलला.

डाव्या पायावर टिटवी एकशे बासष्ट सेंटिमीटर सहज ओलांडायची. उजव्या पायावर चार महिने घाम गाळूनही ती दीडशेवर अडकली. एकदा सर जाता जाता म्हणाले, "दीड मीटरच्या पुढे जात नाहीत आणि म्हणे नवी गादी हवी!"

संघनिवडीचा दिवस उजाडला. मुलींसाठी एकशे साठ सेंटिमीटरची अट होती आणि तीन संधी. उजव्या पायावर टिटवीने पहिल्या दोन्ही वेळा दांडी पाडली. तिसऱ्या वेळी ती सरळ उजवीकडे जाऊन उभी राहिली. माझा धीरच सुटला. ही आपल्या पायावर उडणार, दांडी ओलांडणार आणि मी तिचा मणका मोडणार!

"नको गं, ऐक माझं!" मॅडम ओरडल्या.

टिटवी धावली नाही. ती निवडीसाठी आलेल्या सरांकडे वळली.

"सर, एक काम कराल? त्या कोपऱ्यात एकदा पाठीवर पडा. उडी नको, उभ्याउभ्याच."

"मी? काहीतरीच काय!"

"नवी खोळ आहे, सर. स्वच्छ आहे," मैत्रीण म्हणाली.

सगळे बघत होते. सर हसत हसत वर चढले, पडायचं टाळून धपकन बसले, आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांना उठवायला दोघी लागल्या.

"थोडं सांभाळून घ्या, सर," मैत्रीण हळूच म्हणाली.

कंबर चोळत सर पुटपुटले, "हिची उडी मुलांच्या गादीवर घ्या. आजच्या दिवस."

मुलांची निवड सकाळीच आटोपली होती. ती गादी रिकामीच पडून होती. मला तिकडचं दिसत नव्हतं. पावलं ऐकू आली, मग काहीच नाही. दांडी पडल्याचा आवाज आला नाही. आल्या त्या टाळ्या.

टिटवी संघात गेली. सर कमरेला पट्टा बांधून येतात. नव्या गादीचा अर्ज पुढे सरकलाय म्हणतात. पण 'आजच्या दिवस' संपला आणि मुली परत माझ्याकडेच आल्या.

आज त्यांच्यात एक नवीन मुलगी आहे. सगळ्यांच्या आधी येऊन तिने स्वतःच दांडी लावली आहे. मॅडम एकट्या तीन खेळ सांभाळतात, त्या आत्ता पलीकडच्या मैदानावर आहेत. माझ्या डाव्या बाजूबद्दल तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती उजवीकडे उभी आहे.

मित्रांनो, जवळ कुणी असाल तर तिला थांबवा. आधी तिथे हात दाबून बघायला सांगा. आणि कधी तुम्हीच कुणाला आपलं वापरलेलं देऊ लागलात, तर खोळ चढवण्याआधी एकदा स्वतः त्यावर पडून बघा.

ती धावायला लागली आहे.